उदगीरहून बिदरला काळा मसाला पाठवायचाय, कोणता कर लागतो आणि का?

कारळाची_चटणी

नमस्कार मंडळी. मी उदगीर तालुक्यातल्या एका गावात राहते. सासूबाई आणि मी मिळून चार वर्षांपासून पापड, काळा मसाला आणि आंब्याचं लोणचं करून विकतो. आता शेजारच्या दोघीजणी मदतीला येतात. गिऱ्हाईक सगळं उदगीर-लातूरचं. वर्षाची विक्री सहा-साडेसहा लाख, खर्च जाऊन दीड लाखाच्या आसपास उरतात.

गेल्या आठवड्यात बिदरच्या एका किराणा दुकानदारानं महिन्याला पन्नास किलो मसाला मागितला. म्हणाला, ताई, जीएसटी नंबर टाकून पक्कं बिल द्या. भावाला विचारलं तर तो म्हणतो चाळीस लाखाच्या आत नंबर लागतच नाही. ओळखीचे एक दुकानदार म्हणाले, नंबर घेतला की इन्कम टॅक्स मागं लागतो, नादी लागू नका. ग्रामपंचायतीत गेले तर तिथं घरपट्टीची थकबाकी निघाली. दोन दिवसांत तीन कर ऐकले आणि एकही नीट कळला नाही.

मी बी.ए. झालेय, पण हे कुणी कधी शिकवलं नाही. कुणी मुळापासून समजावून सांगाल का?

गोदाकाठचा

ताई, आधी अभिनंदन. पन्नास किलोची कायमची ऑर्डर म्हणजे लहान गोष्ट नाही.

तेरणाकाठ

वीस वर्षं व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितोय, म्हणून सांगतो. कराचं नाव पाठ करत बसू नका, तो कशावर बसतोय ते बघा. कमाईवर बसला तर आयकर. विक्रीवर बसला तर जीएसटी. घरावर बसला तर घरपट्टी. तुम्हाला तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टींवरचे कर सांगितले, म्हणून गोंधळ झाला.

त्यातला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे विक्री आणि कमाई एकच धरणं. चाळीस लाख ही जीएसटीची मर्यादा विक्रीची आहे. आयकर बघतो तुमचे दीड लाख. नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर शून्य, आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून शेवटी काहीच भरावं लागत नाही. तेव्हा आयकर मागं लागला तरी तुमच्याकडून त्याला न्यायला आज काही नाही.

जीएसटी कसा चालतो ते जालन्याच्या सळईवर सांगतो. कारखान्यानं परभणीच्या व्यापाऱ्याला ५०,००० ची सळई दिली. वर १८ टक्के म्हणजे ९,००० कर लावला आणि तो सरकारजमा केला. व्यापाऱ्यानं तीच सळई घर बांधणाऱ्याला ५५,००० ला विकली, कर ९,९०० घेतला. आता व्यापारी सरकारला ९,९०० भरत नाही. आधी दिलेले ९,००० वजा करून फक्त ९०० भरतो. म्हणजे प्रत्येकानं आपण वाढवलेल्या किमतीपुरताच कर भरला. पण ९,९०० पूर्ण कुणाच्या खिशातून गेले? घर बांधणाऱ्याच्या. त्याला पुढं वजा करायला कुणी नाही.

ठिबकवाला

तेरणाकाठ भाऊ, शेवटचं वाक्य आमच्याच गळ्यातलं आहे बगा. आम्ही शेतकरी त्या घर बांधणाऱ्याच्या जागेवर कायम उभे.

मागच्या दिवाळीत पुण्याचा पाहुणा म्हणाला, तुम्हाला काय, शेतीला टॅक्सच नाही. मी त्याला घरात नेऊन पावत्या दाखवल्या. सोयाबीनवर फवारायच्या औषधावर १८ टक्के. खतावर ५. ठिबकच्या नळ्या घेतल्या तेव्हा १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. ट्रॅक्टरचंही तसंच, १२ चा ५ झाला. बरं झालं, पण कमी झाला म्हणजे गेला नाही. डिझेल तर जीएसटीत नाहीच, त्याच्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. हे सगळं मी भरतो, आणि माझी तूर सुटी बिनापाकिटाची जाते, तिच्यावर जीएसटी नाही. विकताना कर नाही म्हणून मागचा वजा करायची सोय नाही. व्यापाऱ्याचे ९,००० परत फिरले, माझे फिरत नाहीत. कामून कुणी हे बोलत नाही?

हिंजवडीत_नांदेडकर

ठिबकवाला दादा, पटलं. तरी दुसरी बाजू मांडतो. मी नोकरदार. माझ्या हातात पगार पडायच्या आधी आयकर कापलेला असतो. साबण, पेट्रोल, मोबाईल यांच्यावरचा कर मीही भरतोच. शेतीचं उत्पन्न कितीही कोटींचं असलं तरी माफ, हे मनाला लागतं. गरीब शेतकऱ्याला माफी हवीच, पण मोठा बागायतदार आणि दोन एकरवाला एकाच ओळीत का?

आणि एक विचारायचं होतं. दर महिन्याला पी.टी. म्हणून २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००. आयकर वेगळा कापूनही हे कशाचे? कचेरीत विचारलं तर "व्यवसाय कर आहे" एवढंच सांगतात.

ठिबकवाला

नांदेडकर भाऊ, दोन एकरवाल्याची बाजू घेतलीत, बरं वाटलं. एक दुरुस्ती. शेती उत्पन्न माफ आहे, पण ज्याचं दुसरं करपात्र उत्पन्नही आहे त्याचा टप्पा ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशेबात धरतात. म्हणजे शेतीवर कर नाही, पण तिच्यामुळं बाकीच्या उत्पन्नाचा दर चढतो. आणि शेतीवर आयकर लावायचा अधिकार घटनेनं राज्यांना दिलाय, केंद्राला नाही. भांडायचं तर मुंबईत भांडावं लागेल.

गुरुजी_भूम

नांदेडकर, तुमच्या दोनशे रुपयांचं उत्तर माझ्याकडे आहे. जरा लांबेल, पण वाचा.

१९७२ ला मी सहावीत होतो. आमचं गाव भूम तालुक्यातलं. त्या वर्षी विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरलं. जनावरं लोकांनी सोडून दिली. आई पाझर तलावाच्या कामावर जायची, मी शाळा सुटली की तिच्याकडे. बाया पाट्या टाकायच्या, गडी खडी फोडायचे. कामावर सुकडी मिळायची. ती आई खायची नाही, पदराला बांधून आणायची, आम्ही तिघं भावंडं वाटून खायचो. घरी मिलोची भाकरी. परदेशातून आलेली लाल ज्वारी ती, भाकरी थापताना काठाला चिरायची. तिचा वास मला अजून ओळखता येईल.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. दुष्काळात ती राज्यभर चालली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम द्यायचं सरकारवर कायद्यानं बंधन. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ ला व्यवसाय कर आला. शहरात ज्याला पगार आहे, धंदा आहे, त्यानं थोडं द्यायचं आणि राज्यानं तेवढीच भर घालायची. घटनेच्या २७६ व्या कलमामुळं हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. तुमचे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून बरोबर २,५०० होतात.

मी स्वतः पुढं मास्तर झालो. पहिल्या पगारातून हा कर कापला तेव्हा आईला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे, कुणाच्या तरी पदरात पडल.

हिंजवडीत_नांदेडकर

गुरुजी, नऊ वर्षं कापला जातोय आणि आज कळलं. माझी आजी पण कंधारकडं अशाच कामावर होती. उद्या पगाराचा कागद आईला दाखवतो.

साडेतीनगुंठे

नगरपालिकेची मालमत्ता कराची पावती उलगडून बघा मंडळी, तिच्यातही "शिक्षण कर" आणि दुकानाची असेल तर "रोजगार हमी कर" असा रकाना असतो. हे दोन्ही पालिका गोळा करते, पण ते राज्याचे आहेत. मी दुकानाच्या पावतीवर ती ओळ कित्येक वर्षं वाचत होतो, अर्थ आज लागला.

बाभळीचं_बन

टीडीएसचं पण कुणीतरी सांगा. वडील निवृत्त झाले, मिळालेली रक्कम एका बँकेत मुदत ठेवीत टाकली. दोन वर्षांपूर्वी व्याज जमा झालं तेव्हा त्यातून १० टक्के कापलेले. वडिलांचं एकूण उत्पन्न कर लागण्याएवढं नव्हतंच. बँकेत गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सरकारनं कापले, आमच्या हातात काही नाही." वडील आठ दिवस जेवले नाहीत नीट. म्हणाले, जन्मभराच्या पैशाला हात लागला.

तेरणाकाठ

बाभळीचं बन, त्या माणसानं अर्धंच सांगितलं. टीडीएस हा वेगळा कर नाही. आयकराचीच ती आगाऊ वसुली. पैसे बँकेनं कापले, पण वडिलांच्या पॅनवर जमा केले. आयकराच्या संकेतस्थळावर २६एएस नावाचा कागद निघतो, त्यात ती रक्कम दिसते. कर बसत नसेल तर विवरणपत्र भरलं की पूर्ण परत येते. आणि वर्षाच्या सुरुवातीलाच "माझ्यावर कर बसत नाही" असा अर्ज बँकेत दिला तर कापतच नाहीत. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस कापतच नाहीत. विवरणपत्र भरलं होतं का?

बाभळीचं_बन

भरलं. चार महिन्यांनी व्याजासकट परत आले. पण ते आठ दिवस कुणी परत देणार नाही. काउंटरवर दोन मिनिटं जास्त बोलला असता तो माणूस, तर भागलं असतं. म्हणून ताई, तुम्ही इथं विचारताय ते फार बरं करताय.

सीमेवरचा_मुखेडकर

थोडं विषयांतर. ताईंनी उदगीर-बिदर म्हटलं आणि आजोबा आठवले. निजामाच्या काळात संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणायचे. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. इंग्रजी मुलखातून मीठ-कापड आणायचं म्हटलं तरी नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचं. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांनी हेच नाके जाळले. लोकांच्या डोळ्यांसमोर रोज उभा असलेला निजाम म्हणजे तो नाका.

आणि गंमत बघा, १९५६ पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. ताईंच्या आजेसासूबाईंनी बिदरला मसाला नेला असता तर तो जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असता. आज दोन राज्यं झाली.

गोदाकाठचा

नाके तर आपणही पाहिलेत की. मनपाच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही १ ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा बंद झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले. माझे मामा ट्रक चालवायचे, सोलापूरच्या पुढं एका नाक्यावर दीड दिवस उभं राहिल्याचं सांगतात. आता थांबायचं काम नाही.

ठिबकवाला

नाका गेला पण सीमा आहेच. बिदरला माल गेला तर जीएसटी कुणाला? मिरची आपली, घाम आपला, आणि कर कर्नाटकाला का?

तेरणाकाठ

हो, राज्याचा वाटा कर्नाटकाला. जीएसटी खाणाऱ्याच्या राज्याला जातो, बनवणाऱ्याच्या नाही. लातूरला मसाला विकला तर बिलावर दोन ओळी येतात, केंद्राचा सीजीएसटी अडीच टक्के आणि राज्याचा एसजीएसटी अडीच. बिदरला विकला तर एकच ओळ, दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी पाच. केंद्र तो गोळा करतं आणि अर्धा कर्नाटकाला देतं. तुमच्या बाजूनंही बघा, गुजरातेत बनलेला साबण परभणीत विकला गेला की त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला येतो.

कारळाची_चटणी

सगळं दोनदा वाचलं. सासूबाईंना गुरुजींचं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या पण बहात्तरला रस्त्याच्या कामावर होत्या, ऐकताना डोळ्याला पदर लावला.

आता माझं विचारते. माझी विक्री साडेसहा लाख, म्हणजे चाळीसच्या खूप खाली. मग भाऊ म्हणतो ते बरोबर ना? नंबर नको ना?

वही_खतावणी

ताई, मी कर सल्लागाराचं काम करते, धागा आज बघितला. भाऊ म्हणतात ते महाराष्ट्रातल्या विक्रीपुरतं बरोबर आहे. उदगीर, लातूर, पुणे कुठंही माल विका, वर्षाची सगळी विक्री चाळीस लाखांच्या आत तर नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर पहिल्या किलोपासून नोंदणी लागते. चाळीस लाखांची सवलत तिथं चालत नाही.

आता तुमचे तीन जिन्नस वेगळे करून बघा. पापडावर जीएसटी शून्य आहे. नुसते पापड विकले तर बिदरला काय, हैदराबादला पाठवले तरी नोंदणी लागत नाही. मसाल्यावर ५ टक्के. लोणच्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ होता, आता ५. म्हणजे अडतंय ते मसाला आणि लोणच्यापाशी.

कुणी म्हणेल कंपोझिशन घ्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना, विक्रीवर एकच टक्का भरायचा. घेऊ नका. त्या योजनेत माल राज्याबाहेर विकता येत नाही आणि बिलावर कर दाखवता येत नाही, मग बिदरवाल्याला तुमच्या बिलाचा उपयोग शून्य. तुम्हाला साधी नोंदणीच लागेल.

महिन्याचा हिशेब असा बसेल. समजा १०,००० चा मसाला गेला, बिलावर ५०० आयजीएसटी. दुकानदार हे ५०० त्याच्या करातून वजा करून घेईल, त्याला महाग पडत नाही. तुम्ही त्या मसाल्यासाठी २,००० च्या बरण्या १८ टक्क्यांनी घेतल्या तर ३६० दिलेत. ५०० मधून ३६० गेले, भरायचे १४०. आज हे ३६० तुमच्या खर्चात मुरतात, तेव्हा ते सुटतील. फक्त पापडाच्या पाकिटांवरचा कर असा वजा होणार नाही, कारण पापडावर पुढं करच नाही. म्हणून बरण्यांची आणि पापडाच्या पाकिटांची बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

आणि गुरुजींनी सांगितलेला व्यवसाय कर. जीएसटी नोंदणी झाली की तो तुम्हालाही लागू होतो, वर्षाला २,५००. लोक हे विसरतात आणि नंतर दंड भरतात.

साडेतीनगुंठे

वहीताईंच्या बोलण्याला जोड देतो. माझ्या चुलतभावानं नंबर घेतला, धंदा बसला, त्यानं विवरणपत्र भरणं सोडून दिलं. त्याला वाटलं विक्रीच नाही तर भरायचं काय. शून्याचं विवरणपत्र पण भरावं लागतं, उशिराला दिवसाला २० रुपये. वर्षाचे किती झाले मोजा. आणि नोंदणी काढून द्यायला एका एजंटानं त्याच्याकडून "सरकारी फी" म्हणून पाच हजार घेतले होते. सरकारी फी नाहीच, ऑनलाइन अर्ज फुकट आहे. कुणाची मदत घेतली तर तिची मजुरी जरूर द्या, पण फी म्हणून देऊ नका.

कारळाची_चटणी

वहीताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी भावाच्या बोलण्यावर परवा दहा किलो पाठवणारच होते.

दोन शंका. लोणच्याचे आंबे आमच्याच शेतातले. मग लोणचं शेतीच्या उत्पन्नात धरायचं का? आणि घरपट्टीचं काय, मसाला घरात करते म्हणून वाढते का?

वही_खतावणी

कैरी विकली तर शेती. लोणचं घालून विकलं तर धंदा. पण स्वतःच्या कैऱ्यांचा बाजारभाव धंद्याच्या हिशेबातून वजा करता येतो, तेवढा भाग शेतीचा राहतो. उदगीरच्या बाजारात त्या दिवशी कैरीचा काय भाव होता ते वहीत लिहून ठेवत जा.

गुरुजी_भूम

घरपट्टीचं मी सांगतो, पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. घरपट्टी तुमच्या विक्रीवर नाही, इमारतीवर बसते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तुमच्या घराची आकारणी लिहिलेली असते, तिची नक्कल मागा. वापर निवासी लिहिलाय की व्यावसायिक, ते त्यात कळेल. वेगळी खोली धंद्यासाठी बांधली तर दर बदलू शकतो. आणि नक्कल मागताना "आठ-अ" म्हणू नका, तो तलाठ्याकडचा जमिनीचा उतारा. या दोन आठांपायी मी लोकांना दोन कचेऱ्यांत हेलपाटे घालताना पाहिलंय. पावतीवर दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने वेगळे असतील. थकबाकी कुठल्या वर्षाची ते विचारा आणि भरल्यावर पावती घेतल्याशिवाय उठू नका.

कारळाची_चटणी

आज तीन कामं झाली. ग्रामपंचायतीतून नमुना ८ ची नक्कल घेतली, घर निवासीच लिहिलंय. थकबाकी दोन वर्षांची होती, ११४० रुपये भरून पावती आणली. बिदरच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं की नंबर येईपर्यंत मसाला नाही, पण पापड आत्ता पाठवू शकते. त्यांनी वीस किलो उडदाचे मागितले.

नोंदणीचा अर्ज रविवारी भाचीसोबत बसून भरणार आहे. नंबर २७ नं सुरू होतो असं ती म्हणाली, तसंच ना?

वही_खतावणी

हो. २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं तुमचा पॅन. बिदरवाल्याचा २९ नं सुरू होईल. बिलावर दोन्ही नंबर लिहायचे. वीजबिल, पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक जवळ घेऊन बसा. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आधीच सही करून ठेवा, बहुतेकांचा अर्ज तिथंच अडतो.

कारळाची_चटणी

सासऱ्यांच्याच नावावर आहे. आत्ताच सही घेते.